आधी डिस्क मोजा, मग कपाकडे बघा : आफ्रिकी वंशाच्या रुग्णात काचबिंदू तपासताना

त्या बाईंच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलेलं होतं : ‘दोन्ही डोळे, कप-डिस्क ०.८, काचबिंदू.’ (डिस्क म्हणजे दृष्टीची नस, ऑप्टिक नर्व्ह, डोळ्याबाहेर पडते ती गोल जागा; कप म्हणजे तिच्या मधला खळगा; ०.८ म्हणजे कपाचा व्यास डिस्कच्या व्यासाच्या ०.८ पट.) बाई पन्नाशीच्या, पश्चिम आफ्रिकी वंशाच्या. चार वर्षं एकही रात्र न चुकवता थेंब घालत होत्या. डोळे कायम लाल, पापण्यांच्या कडा काळवंडलेल्या, आणि मनात एकच भीती, की आपण आंधळ्या होणार. मी फाइल शेवटच्या पानापर्यंत चाळली. कप किती आहे हे चार ठिकाणी लिहिलं होतं. डिस्क किती मोठी आहे हे एकाही ठिकाणी नव्हतं.

नव्वद डायॉप्टरची लेन्स घेऊन मी स्लिट लॅम्पवर, म्हणजे प्रकाशाची अरुंद पट्टी टाकणाऱ्या डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकावर, बसले. पट्टी डिस्कच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत बसवली, आकडा आला १.८५. या लेन्सच्या दुरुस्तीसाठी त्याला १.३ ने गुणलं : २.४ मिलिमीटर. म्हणजे चांगलीच मोठी डिस्क. रिम, म्हणजे कपाभोवतीचा तंतूंचा काठ, चहूबाजूंनी भरलेली, गुलाबी, खालच्या बाजूला सर्वांत जाड. थेंब सुरू करण्याआधीचा डोळ्यातला दाब १७ आणि १८. फील्ड, म्हणजे नजरेच्या पसाऱ्याची तपासणी, दोनदा केलं, दोन्ही वेळा स्वच्छ आलं. आमच्या डॉक्टरांनी देखरेखीखाली थेंब थांबवले. त्याला आता सहा वर्षं झाली. पहिल्या दिवशीचा फोटो आणि यंदाचा फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर एका रक्तवाहिनीचीसुद्धा जागा हललेली नाही.

त्याच महिन्यात उलटी फाइलही आली. आफ्रिकी वंशाचेच गृहस्थ, वय ४४. शेरा होता, ‘कप मोठा, वंशामुळे; काळजी नको.’ कप-डिस्क ०.७. डिस्क मोजली तर जेमतेम १.७ मिलिमीटर. उजव्या डोळ्यात, डिस्कला घड्याळ मानलं तर सातच्या ठिकाणी, रिमला खाच पडलेली, आणि फील्डमध्ये नाकाच्या बाजूला, वरच्या अर्ध्यात कमानीसारखा डाग. या माणसाची दोन-तीन वर्षं ‘काळजी नको’ या दोन शब्दांनी खाल्ली.

मी २२ वर्षं काचबिंदूच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे असं माझं ठाम मत झालं आहे : कपाचं गुणोत्तर लिहिलं, डिस्क मोजली नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींसाठी माझी पद्धत सविस्तर लिहिते आहे. निदान आणि उपचार ठरवणं हे डॉक्टरांचं काम. त्यांच्या हातात बरोबर मोजमाप देणं हे आपलं. आणि एखादा रुग्ण हे वाचत असेल तर त्याला कळकळीची विनंती : हे वाचून स्वतःहून थेंब बंद करू नका. डॉक्टरांना फक्त एवढं विचारा, ‘माझी डिस्क मोजली आहे का?’

गुणोत्तर का फसवतं

ऑप्टिक नर्व्हमधून साधारण दहा ते बारा लाख तंतू डोळ्याबाहेर पडतात. ज्या भोकातून ते बाहेर पडतात ती डिस्क. भोक लहान असेल तर तंतू दाटीवाटीने बसतात आणि मध्ये खळगा उरतच नाही. भोक मोठं असेल तर जवळपास तेवढेच तंतू कडेला ऐसपैस पसरतात आणि मधली मोकळी जागा मोठी दिसते. ती मोकळी जागा म्हणजे कप. मोठ्या डिस्कला मोठा कप हा निसर्गाचा हिशोब आहे, आजाराचा नव्हे.

एकदा कागदावर करून बघा. डिस्क गोल धरू. पहिला डोळा : व्यास १.५ मिलिमीटर, कप-डिस्क ०.५. रिमचं क्षेत्रफळ येतं साधारण १.३ चौरस मिलिमीटर. दुसरा डोळा : व्यास २.४, कप-डिस्क ०.८. रिमचं क्षेत्रफळ येतं साधारण १.६. ज्याला आपण ‘०.८, बापरे!’ म्हणतो त्या डोळ्यात रिम जास्त आहे. हे गणित मी प्रत्येक नव्या मुलाकडून एकदा हाताने करून घेते. नुसतं सांगून ते पटत नाही.

आता आफ्रिकी वंशाचा मुद्दा. अमेरिकेतल्या बाल्टिमोर आय सर्व्हेत डिस्कची मापं घेतली, तेव्हा कृष्णवर्णीयांमध्ये डिस्कचं सरासरी क्षेत्रफळ २.९४ चौरस मिलिमीटर भरलं आणि श्वेतवर्णीयांमध्ये २.६३. डिस्क मोठी, म्हणून कपही मोठा. पण त्याच सर्वेक्षणात ओपन अँगल काचबिंदूचं (काचबिंदूच्या एका प्रकाराचं) प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये चार ते पाच पट निघालं. बार्बाडोस आय स्टडीत चाळिशीपुढच्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ७ टक्के लोकांना हा आजार होता. अडचण इथेच आहे. ज्यांचा कप निरोगी असतानाही मोठा असतो, त्यांनाच आजाराचा धोकाही जास्त असतो. त्यामुळे ‘मोठा कप म्हणजे काचबिंदू’ हेही चालत नाही आणि ‘यांचा कप मोठाच असतो’ हेही चालत नाही. सरासरी ही सरासरीच. समोर बसलेल्या माणसाची डिस्क १.७ आहे की २.४, हे त्याच्या कातडीकडे बघून कोणालाही सांगता येणार नाही.

स्लिट लॅम्पवर मोजायची पद्धत

बाहुली मोठी करूनच मोजा. गडद बुबुळाच्या डोळ्यात बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, थेंब दुसऱ्यांदा घालावे लागतात. वीस मिनिटं झाली म्हणून अर्धवट उघडलेल्या बाहुलीतून बघू नका. थांबा. थेंब घालण्याआधी अँगल (डोळ्याच्या पुढच्या भागातला कोन) बघून घेतलेला असावा, हे वेगळं सांगायला नको.

प्रकाशाचा दांडा आणि सूक्ष्मदर्शक एका रेषेत आणा. पट्टी अरुंद आणि उभी ठेवा. लेन्समधून डिस्क स्पष्ट दिसली की पट्टीची उंची हळूहळू कमी करत आणा, तिचं वरचं टोक डिस्कच्या वरच्या कडेला आणि खालचं टोक खालच्या कडेला बरोबर टेकेपर्यंत. आता स्लिट लॅम्पवरच्या मोजपट्टीचा आकडा वाचा आणि लेन्सप्रमाणे दुरुस्ती करा. ६६ ची लेन्स असेल तर आकडा तसाच, ७८ ची असेल तर गुणिले १.१, ९० ची असेल तर गुणिले १.३. नव्वदने १.६ आलं तर खरं माप साधारण २.१. उभा व्यास १.५ पेक्षा कमी असेल तर डिस्क लहान, २.२ पेक्षा जास्त असेल तर मोठी, मधली ती मध्यम. रुग्णाचा चष्म्याचा नंबर पाचच्या पुढे असेल, मग तो उणे असो की अधिक, तर या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. डोळ्याची लांबी बदलली की प्रतिमेचा मोठेपणाही बदलतो.

सगळी मेख ‘कड’ कोणती धरायची यात आहे. डिस्कभोवती एक बारीक पांढरट कडं दिसतं, त्याला एल्श्निगचं कडं म्हणतात. ते डिस्कमध्ये धरायचं नाही, त्याच्या आतून मोजायचं. त्या कड्याबाहेर झिजलेल्या पडद्याची (रेटिनाची) फिकी चंद्रकोर असेल तर तीही सोडायची.

आणि इथे एक गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने सांगते, कारण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत ती जास्त दिसते आणि शिकताना मला ती कोणीही दाखवली नव्हती. डिस्कच्या कडेच्या आत, बहुतेक वेळा कानाच्या बाजूला किंवा थोडी खाली, पाटीच्या रंगाची राखाडी चंद्रकोर असते. तिला ग्रे क्रेसेंट म्हणतात. ती रिमचाच भाग असते, फक्त रंगद्रव्यामुळे राखाडी दिसते. घाईत बघणारा ती डिस्कच्या बाहेरची समजतो आणि तिच्या आतल्या बाजूला कड धरतो. मग डिस्क लहान वाटते, रिम नेमकी त्याच बाजूला पातळ वाटते, आणि निरोगी डोळ्याला ‘खाच’ लागते. ओळखायचं कसं? पांढरं कडं शोधा आणि त्याचा माग काढत पूर्ण गोल फिरा. राखाडी भाग कड्याच्या आत राहिला तर तो रिममध्ये धरा. बाहेर राहिला तर तो पडद्याचा, डिस्कचा नाही. शंका आली तर शेजारच्या निरोगी भागातली कड बघून तिचा गोलावा मनात पुढे न्या. डिस्कची कड एकाएकी आत वळत नाही.

स्लिट लॅम्प नसेल आणि फक्त डायरेक्ट ऑफ्थाल्मोस्कोप (डोळ्यात बघायचं हातातलं उपकरण) असेल तरी अंदाज घेता येतो. त्याचा पाच अंशांचा लहान गोल झोत पडद्यावर साधारण दीड मिलिमीटर पडतो. तो डिस्कशेजारी ठेवा. डिस्क झोताएवढी किंवा त्याहून लहान असेल तर लहान, झोताहून बरीच मोठी असेल तर मोठी.

कप आणि रिम बघताना

गडद पडदा प्रकाश शोषून घेतो, म्हणून नवशिका माणूस दिवा वाढवतो. दिवा वाढला की डिस्क पांढरी पडते आणि रिमचा गुलाबीपणा उडून जातो. फोटो काढतानाही तेच होतं : पडदा उजळ यावा म्हणून फ्लॅश वाढवला जातो आणि डिस्कच्या जागी पांढरा ठिपका उरतो. अशा फोटोवरून कप ठरवलेला मी पाहिला आहे आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. पडदा अंधारा आला तरी चालेल, फोटो डिस्कसाठी काढा.

कप रंगावरून ठरवू नका, वळणावरून ठरवा. बारीक रक्तवाहिनी रिमवरून जाताना जिथे आत वाकते, तिथे कपाची कड. यासाठी दोन्ही डोळ्यांनी, खोली दिसेल असं बघावं लागतं.

मग रिमभोवती घड्याळाच्या काट्यासारखे फिरा. निरोगी डोळ्यात बहुधा खालची रिम सर्वांत जाड, मग वरची, मग नाकाकडची, आणि कानाकडची सर्वांत पातळ. हा नियम सगळ्या निरोगी डोळ्यांना लागू पडतोच असं नाही, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. पण खालची रिम कानाकडच्या रिमएवढी पातळ झालेली दिसली, तर तिथेच थांबा आणि पुन्हा बघा. काचबिंदू बहुधा खालच्या आणि वरच्या टोकांपासून खायला सुरुवात करतो. डिस्कच्या कडेवर ठिणगीसारखा बारीक रक्तस्राव आहे का, तेही बघा. तो काही आठवड्यांत विरून जातो, म्हणून दिसला त्याच दिवशी फोटो हवा.

मी कप-डिस्क गुणोत्तरापेक्षा सर्वांत पातळ रिमचं माप जास्त मानते. ती रिम डिस्कच्या व्यासाच्या किती पट आहे ते लिहायचं. जॉर्ज स्पेथ यांची डिस्क डॅमेज लाइकलीहूड स्केल याच मापावर उभी आहे आणि तिच्यात डिस्कचा आकार आधीच धरलेला आहे. सर्वांत पातळ रिम ०.१ ते ०.१९ असेल तर मोठ्या डिस्कमध्ये ती तिसरी पायरी होते, मध्यम डिस्कमध्ये चौथी आणि लहान डिस्कमध्ये पाचवी. एकच आकडा, पण अर्थ तीन.

दोन डोळ्यांच्या गुणोत्तरात ०.२ चा फरक असला की आपण लगेच सावध होतो. व्हायलाच हवं. पण आधी दोन्ही डिस्क मोजा. एक २.० आणि दुसरी २.४ असेल तर तो फरक निरोगीही असू शकतो.

गडद पडद्याचा एक फायदाही आहे, तो घ्या. हिरवा फिल्टर लावा. गडद पार्श्वभूमीवर तंतूंच्या थराच्या चंदेरी रेषा फार सुरेख दिसतात, फिकट पडद्यात त्या इतक्या स्पष्ट दिसत नाहीत. डिस्कपासून कमानीसारखी निघालेली काळी पाचर दिसली तर ती कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाची.

ओसीटीचे रंग

ओसीटी म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांची जाडी मोजणारं यंत्र. त्याच्या कागदावर हिरवं, पिवळं, लाल दिसतं आणि लोक रंग वाचून मोकळे होतात. रंगाचा अर्थ एवढाच : यंत्राने ज्या निरोगी लोकांशी तुलना केली, त्यांच्यात असा आकडा किती जणांचा होता. पिवळं म्हणजे तळातले ५ टक्के, लाल म्हणजे तळातला १ टक्का. मग पहिला प्रश्न हा, की ते निरोगी लोक कोण होते? सिरस या ओसीटी यंत्राच्या माहितीसाठ्यात २८४ निरोगी लोक होते आणि त्यांत आफ्रिकी वंशाचे साधारण १८ टक्के, म्हणजे पन्नासच्या आसपास. एचआरटी-३ या जुन्या यंत्रात वंशानुसार वेगवेगळे साठे होते : युरोपीय ७३३, आफ्रिकी २१५, भारतीय १०४. तिथे यंत्र चालवणारा वंशाचा पर्याय निवडायचा आणि त्या निवडीप्रमाणे निकाल बदलू शकायचा. कातडीच्या रंगावरून तो पर्याय कधीही भरू नका, रुग्णाला विचारा. सावळा भारतीय माणूस आफ्रिकी साठ्यात बसत नाही. मिश्र वंशाचा माणूस तर कुठल्याच एका साठ्यात नीट बसत नाही.

रंग बघण्याआधी मी चार गोष्टी बघते. सिग्नल दहापैकी किमान सहा आहे का. मोजणीचं वर्तुळ डिस्कभोवती मध्यावर बसलं आहे का. यंत्राने थराच्या रेषा बरोबर ओढल्या आहेत का, की मध्येच गटांगळी खाल्ली आहे. आणि डिस्कचं क्षेत्रफळ किती दिलं आहे. डिस्क फार मोठी असली तर सिरस कप आणि रिमच्या आकड्यांना रंगच देत नाही, ते करडे सोडून देतं, कारण तुलनेला पुरेसे लोक नाहीत. तो करडा रकाना म्हणजे बिघाड नव्हे. ‘मला माहीत नाही’ असं यंत्र प्रामाणिकपणे सांगतं आहे.

सिरसमध्ये तंतूंच्या थराची जाडी ३.४६ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक वर्तुळावर मोजली जाते. डिस्क मोठी असेल तर तिची कड त्या वर्तुळाच्या जवळ येते आणि कडेजवळ थर जाडच असतो. म्हणजे मोठ्या डिस्कच्या डोळ्यात थोडं नुकसान झालेलं असूनही आकडा हिरवा राहू शकतो. म्हणून सरासरीवर समाधान मानू नका, खालचा आणि वरचा भाग वेगळा बघा, दोन डोळ्यांचे आलेख एकमेकांवर ठेवून बघा. आणि एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी जुळवू नका. ओसीटीने दिलेलं क्षेत्रफळ आणि फोटोवरून काढलेलं क्षेत्रफळही एक नसतं.

कॉर्नियाची जाडी विसरू नका

ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी हे या बाबतीत माझं सर्वांत आवडतं उदाहरण. त्यात दाब वाढलेले पण काचबिंदू न झालेले १,६३६ लोक होते, त्यांतले साधारण चतुर्थांश आफ्रिकन-अमेरिकन. त्यांच्यात पुढे काचबिंदू जास्त जणांना झाला. पण २००२ मध्ये निकाल आले तेव्हा कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची) जाडी आणि कप-डिस्क गुणोत्तर हिशेबात धरल्यावर वंश हा वेगळा धोका म्हणून उरलाच नाही. आफ्रिकन-अमेरिकन सहभागींचा कॉर्निया सरासरी ५५६ मायक्रॉन होता, बाकीच्यांचा ५७९ च्या आसपास. मी यातून घेतला तो धडा असा : वंश आपल्याला सावध करतो, पण माप घ्यायचं ते डोळ्याचंच. कॉर्निया पातळ असेल तर टोनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) दाब कमी दाखवतो. दाब १८ आणि कॉर्निया ४९० असेल तर त्या १८ वर निर्धास्त होऊ नका. मात्र जाडीवरून दाबाचा ‘खरा’ आकडा काढून देणारे तक्ते वापरू नका, ते भरवशाचे नाहीत. दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि डॉक्टरांना ठरवू द्या.

फाइलमध्ये काय लिहायचं

माझी नोंद अशी असते : ‘उजवा : उभा व्यास २.४ (९० ची लेन्स, दुरुस्तीसह). कप-डिस्क उभं ०.७५. सर्वांत पातळ रिम ०.१ व्यास, ९ वाजता. खालची रिम शाबूत. ग्रे क्रेसेंट ७ ते ९, रिममध्ये धरली आहे. रक्तस्राव नाही. हिरव्या फिल्टरने थर अखंड. कॉर्निया ५३०.’ हे लिहायला एक मिनिट लागतं. नुसतं ‘०.७५’ लिहायला दोन सेकंद लागतात आणि पुढचा माणूस त्या दोन सेकंदांच्या भरवशावर रुग्णाला आयुष्यभराचे थेंब देतो, किंवा घरी पाठवतो.

संशय असेल तेव्हा एका भेटीत निकाल लावायचा हट्ट नको. पहिल्या भेटीत डिस्कचा चांगला फोटो, ओसीटी आणि फील्ड. फील्ड किमान दोनदा, कारण पहिल्यांदा बटण दाबायला शिकण्यातच माणसाची निम्मी शक्ती जाते. पुढच्या वेळी तीच लेन्स, तेच यंत्र, आणि तुलना त्याच डोळ्याच्या जुन्या फोटोशी. माहितीसाठ्यात आपल्या रुग्णासारखे लोक असोत वा नसोत, त्याचा स्वतःचा जुना डोळा हा त्याच्यासाठी सर्वांत चांगला निरोगी नमुना. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तपासणीला आणायला सांगा.

आणि डिस्कच्या फोटोची एक प्रत, मागे व्यास आणि तारीख लिहून, रुग्णाच्या हातात द्या. सुरुवातीला सांगितलेल्या बाई ती प्रत पर्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतात. गेल्या वर्षी दुसऱ्या एका दवाखान्यात चष्म्याच्या नंबरासाठी गेल्या, तेव्हा तपासणाऱ्याने डिस्क बघून पुन्हा ‘काचबिंदू’ असा शब्द उच्चारला. बाईंनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्याने फोटो पाहिला, मागचं २.४ वाचलं, आणि मग पट्टी लावून स्वतः मोजायला बसला.